व्हियारेज्जोचं बोलावणं

फुटबॉल शिकवताना सर्वांत अवघड वय कोणतं, असं विचारलं तर बरेच प्रशिक्षक चौदा-पंधरा सांगतील. मी अठरा सांगतो. चौदाव्या वर्षी मुलगा अजून घडत असतो. अठराव्या वर्षी त्याची उंची वाढून झालेली असते, पायातलं कसब दिसू लागलेलं असतं आणि बरोबरीच्या पोरांत तो भारी असतो. पण मोठ्यांच्या संघात त्याला कुणी पास देत नाही. ज्युनियरमधून बाहेर, सीनियरमध्ये बाकावर. या एक-दोन वर्षांत आपण जितकी मुलं गमावतो, तितकी दुखापतींनीही गमावत नसू. म्हणूनच एका स्पर्धेकडे माझं सतत लक्ष असतं. इटलीतल्या तोस्काना प्रांतात, समुद्रकाठच्या व्हियारेज्जो या गावी १९४९ साली ती सुरू झाली. क्लबांच्या युवा संघांची ही स्पर्धा, आणि देशोदेशीच्या संघांना तिथे बोलावून घेतलं जातं.

व्हियारेज्जो म्हणजे लांबच लांब वाळूचा किनारा, त्यामागे पाइनची झाडी आणि त्याही मागे आपुआन डोंगर, ज्यांच्या पोटातून कर्रारा इथला संगमरवर निघतो. गावाचं नाव झालं ते कार्निव्हलमुळे. १८७३पासून तिथे मिरवणूक निघते आणि कागदाच्या लगद्याचे प्रचंड पुतळे रथांवरून फिरतात. फुटबॉलची स्पर्धा याच दिवसांत भरवली गेली, म्हणून तिचं नाव ‘कोप्पा कार्नेव्हाले’. उन्हाळी पर्यटकांवर जगणारं गाव हिवाळ्यात मोकळं असतं. मुलांचे इतके संघ उतरवून घ्यायला याहून सोयीची वेळ नव्हती, असं मला वाटतं. मुख्य मैदानाचं नावही झाडांवरूनच आहे, ‘स्तादियो देई पिनी’. स्पर्धा भरवणारी संस्था गावातलीच, तरुण फुटबॉलपटूंसाठी काढलेली. स्पर्धा सुरू झाली तेव्हा महायुद्ध संपून चारच वर्षं झाली होती.

पहिला करंडक मिलानने नेला. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते १९५१ साल. त्या वर्षी बेलग्रेडचा पार्टिझान संघ जिंकला. इटली आणि युगोस्लाव्हिया यांच्यात त्रिएस्ते शहर कुणाचं हा वाद तेव्हा धगधगत होता; तो १९५४ साली कुठे निवळला. आणि त्याच काळात युगोस्लाव्ह सैन्याशी जोडलेल्या क्लबची पोरं इटलीत येऊन करंडक घेऊन जातात. पुढे प्राहाचा, म्हणजे प्रागचा, दुक्ला आला, तोही सैन्याचाच क्लब, पोलादी पडद्यापलीकडचा. १९६४ ते १९८० या काळात त्याने हा करंडक सहा वेळा जिंकला. १९६८च्या हिवाळ्यात तो जिंकला आणि त्याच ऑगस्टमध्ये प्राहात सोव्हिएत रणगाडे शिरले. १९७० साली दुक्ला पुन्हा व्हियारेज्जोत विजेता होता. एवढं सगळं होऊनही बोलावणं थांबलं नाही, याचं मला फार मोल वाटतं.

प्रशिक्षक म्हणून माझा मुद्दा मात्र राजकारणाचा नाही. लीगमध्ये समोरचा संघ ओळखीचा असतो. त्यांचा डावा विंगर आत कापतो, त्यांचा स्टॉपर हळू वळतो, हे आपल्या पोरांना पाठ असतं. परक्या संघासमोर पाठांतर उपयोगाला येत नाही. समोरचे कधी प्रेस करतात, कुठे मागे सरतात, कुठला धक्का त्यांच्याकडे फाउल मानला जात नाही, हे पहिल्या दहा मिनिटांत मैदानावरच शिकावं लागतं. शिकेपर्यंत एक गोल बसलेलाही असतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा वेगळ्याच घडणीचा संघ. सराव सामन्यात हे मिळत नाही, कारण तिथे हरल्यावर घरी जावं लागत नाही.

अशा स्पर्धेत मी मुलाचा पहिला सामना फारसा मनावर घेत नाही. त्या दिवशी सगळेच ताजे असतात. मी तिसरा सामना बघतो. पाय जड झालेले असतात, आणि उंच चेंडूवर हेडिंग झाल्यावर खाली पडणारा दुसरा चेंडू कोण उचलतो, ते तेव्हा कळतं. गोल खाल्ल्यावर मुलगा कुणाकडे बघतो? बाकाकडे, पंचाकडे, की जाळ्यातला चेंडू आणायला धावतो? सोळा नंबरच्या जर्सीतला मुलगा वीस मिनिटांसाठी आत आल्यावर उगाच ड्रिबल करून स्वतःला दाखवतो, की साधा पास देऊन खेळात मिसळतो? पुढची दोन वर्षं कुणावर खर्च करायची, ते मी यावरून ठरवतो. करंडक कोणी उचलला, याला त्यात फार कमी जागा आहे.

चीरो इम्मोबिलेचं उदाहरण माझ्या पोरांना मी नेहमी देतो. २०१० साली युव्हेंटसच्या युवा संघाकडून त्याने व्हियारेज्जोत दहा गोल केले, त्यातले तीन अंतिम सामन्यात. एवढं केल्यावर थेट मोठ्या संघात जागा मिळायला हवी, असं कुणालाही वाटेल. मिळाली नाही. युव्हेंटसने त्याला उसना दिला: सिएना, मग ग्रोसेतो, मग पेस्कारा. पेस्कारामध्ये, दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, त्याने २०११-१२च्या मोसमात २८ गोल केले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. पुढे तो इटलीच्या सर्वोच्च लीगमध्ये चार वेळा सर्वाधिक गोल करणारा ठरला. व्हियारेज्जोने त्याच्यावर उजेड पाडला. चालायचं त्यालाच होतं. प्रशिक्षकांनाही हेच लागू. फिलिप्पो इन्झागीने २०१४ साली मिलानच्या मुलांना हा करंडक जिंकून दिला, त्याच उन्हाळ्यात त्याच्या हाती मिलानचा मुख्य संघ आला आणि एका मोसमात गेलाही.

दूरवरून येणाऱ्यांनी ही स्पर्धा मोठी केली. १९८९ साली अर्जेंटिनाच्या देपोर्तिव्हो इतालियानोकडून गाब्रिएल बातिस्तुता इथे खेळून गेला. दोन वर्षांनी तो फिओरेन्तिनात आला आणि पुढे फ्लॉरेन्सने त्याला डोक्यावर घेतलं. २००६ साली उरुग्वेतल्या लास पिएद्रास या छोट्या शहराचा हुव्हेंतुद संघ विजेता झाला. मुलींसाठी मात्र हे दार २०१९ साली उघडलं. सत्तर वर्षं लागली, आणि इतका उशीर व्हायचं काहीच कारण नव्हतं.

आता चित्र बदललं आहे. २०१३पासून युरोपच्या बड्या क्लबांच्या युवा संघांना स्वतःची लीग मिळाली, यूएफा यूथ लीग. बड्यांचं वेळापत्रक भरगच्च झालं आणि व्हियारेज्जोची ओढ कमी झाली. रिकाम्या जागी आफ्रिकेतले संघ जास्त दिसू लागले. २०२२च्या अंतिम सामन्यात विजेत्या सास्सुओलोसमोर नायजेरियाचा अ‍ॅलेक्स ट्रान्सफिगरेशन हा संघ होता. दर्जा घसरला, अशी हळहळ करणारे पुष्कळ आहेत. मला ती पटत नाही; बोलावण्याचा खरा अर्थ तर याच संघांना कळतो. काळजी वाटते ती वेगळी. फिफाच्या नियमानुसार थोडे अपवाद सोडले तर अठरा वर्षांखालच्या खेळाडूला परदेशी क्लबमध्ये जाता येत नाही. त्यामुळे नुकतंच अठरा झालेलं पोर हा एजंटांसाठी तयार माल असतो, आणि स्पर्धा म्हणजे त्या मालाचा बाजार. घरापासून हजारो किलोमीटरवर कुणी करार पुढे केला, तर तो वाचून दाखवणारं माणूस संघाबरोबर असलंच पाहिजे. कोल्हापूरच्या पेठांच्या संघांतूनही नायजेरियन खेळाडू खेळून गेले आहेत. मोसम संपल्यावर त्यांचं काय होतं, हे आपणही विचारायला हवं.

बाहेरच्या संघांना बोलावून स्पर्धा भरवायची कल्पना आपल्याला परकी नाही. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१चा. तो २०००-०१च्या मोसमानंतर बंद पडला. २०२३ साली नवी मुंबईत नेक्स्ट जेन कप झाला. इंग्लंडचे वुल्व्ह्ज, एव्हर्टन, वेस्ट हॅम आणि दक्षिण आफ्रिकेचा स्टेलनबॉश यांची पोरं भारतीय क्लबांच्या पोरांशी खेळली. हे चांगलंच झालं. पण तिथे आपल्याकडून गेले ते मोठ्या क्लबांचे आणि अकादम्यांचे संघ. व्हियारेज्जोची स्पर्धा गावातल्या संस्थेने उभी केली आणि तिनेच चालवली. कोल्हापुरात लीगला शाहू स्टेडियम भरतं, तालमी आहेत, पेठापेठांत पोरं उतरवून घेणारी घरं आहेत. सुरुवातीला युरोप लागत नाही. नेपाळ, भूतान, बांगलादेशातले अठरा वर्षांखालचे चार संघ, मणिपूर-मिझोरामचे दोन, गोव्याचा एक आणि आपला एक, एवढे पुरेत. जन्मतारखेचे दाखले कडक तपासायचे, प्रत्येक संघाला किमान चार सामने द्यायचे आणि हरलेल्यांनाही शेवटच्या दिवसापर्यंत खेळवायचं. डिसेंबरात मैदान कोरडं असतं आणि हवाही खेळायला चांगली असते. खर्चाचा अंदाज मांडायला मी कधीही बसायला तयार आहे.