वळसे आणि मिलिग्रॅम

आमच्या लहानपणी कुत्र्याला डॉक्टर नव्हता. म्हणजे डॉक्टर होता, पण तो गुरांचा होता. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना असे. त्याला सगळे ढोरांचा दवाखानाच म्हणत. खोड्यात अडकवलेली म्हैस, स्टोव्हवर उकळणारी काचेची सिरिंज आणि आवारभर फिनेलचा वास. डॉक्टरांच्या मागे घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत आणि अडलेल्या गाई एवढा व्याप असे, की सुतळीला बांधून मोत्याला घेऊन आलेलं पोर त्या रांगेत चेष्टेचाच विषय व्हायचं. मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय १८८६पासून होतं, तिथंच बाई साकरबाईंच्या नावाचं जनावरांचं रुग्णालयही होतं. पण परळ मुंबईकरांनाच लांब पडायचं, तिथं आमच्या मोत्याची काय कथा! तेव्हा कुत्र्याचा दवाखाना म्हणजे मागची पडवी आणि डॉक्टर म्हणजे आजी.

आता दोन गल्ल्या सोडून पेट क्लिनिक आहे. तिथं वजनकाटा आहे, सोनोग्राफी आहे, रक्ताचा रिपोर्ट फोनवर येतो. मोत्याचा ब्रूनो झाला आणि सुतळीचा छातीपट्टा झाला. गंमत अशी, की याच क्लिनिकच्या टेबलावर मालकमंडळी पिशवीतून एकेक बाटली काढून ठेवतात: हळदीची ‘गोल्डन पेस्ट’, सफरचंदाचं व्हिनेगर, हेम्पचं तेल, होमिओपॅथीच्या गोळ्या, दिवाळीतल्या फटाक्यांवर उतारा म्हणून पुष्पौषधी. आम्ही डॉक्टर नव्हता म्हणून काढा पाजायचो. आता डॉक्टर आहे, तरी काढा आहे. आणि पिशवी घेऊन बसलेल्यांत पिकल्या केसांचे पुष्कळ जण आमच्याच पिढीचे आहेत.

आजीच्या औषधाला सहाण लागायची. हळकुंड, जायफळ, वेखंड, सुंठ. माणसाच्या बाळाला जे उगाळायचं, तेच कुत्र्याच्या पिल्लालाही. बाळाला दोन वळसे, पिल्लाला एक. हा डोस कुणी ठरवला ते विचारायचं नसतं. पिल्लू मांडीवर घ्यायचं, जबडा उघडायचा, बोटानं चाटण टाळूला लावायचं आणि गळा चोळत बसायचं. पिल्लू वाचलं तर ‘वळसे लागू पडले’ आणि गेलं तर ‘त्याचं तेवढंच होतं’. या हिशेबात आजी कधी चुकत नसे, कारण चूक मांडायचा रकानाच त्यात नव्हता.

आता डोस किलोमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. आधी वजन, मग गोळी. अर्धी की पाव, ते चिठ्ठीवर लिहिलेलं. आणि पिल्लं जगतात. १९७८च्या सुमारास पार्व्हो नावाचा विषाणू जगभर पसरला. रक्ताची हगवण लागून पिल्लांचं वेतच्या वेत दोनचार दिवसांत संपताना आम्ही पाहिलं आहे. रोगाचं नाव मात्र पुष्कळ नंतर कळलं. जायफळाच्या कितीही वळशांनी तो थांबला नसता. तो लशीनं थांबतो, आणि लस चुकलीच तर वेळेवर लावलेल्या सलाइननं पुष्कळ पिल्लं वाचतात. म्हणजे सहाणेसाठी आम्ही जे उसासे टाकतो, ते पिल्लांच्या बाजूनं टाकलेले नव्हेत.

सहाणेपेक्षाही आठवते ती गोचिडींची दुपार. सुट्टीचा दिवस, अंगणात ऊन, कुत्रा आडवा पसरलेला आणि त्याच्याभोवती घरातली पोरं. कानाच्या पाळीत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवायची. टपोरी गोचीड लागली की चिमटीत धरून उपटायची आणि डब्यातल्या रॉकेलमध्ये टाकायची. कुणी किती काढल्या याची पैज लागायची. कुत्रा मध्येच एक डोळा उघडून बघायचा आणि पुन्हा मिटायचा. कुणी त्याला तंबाखूच्या पाण्यानं अंघोळ घालायचं, कुणी डांबरगोळ्यांची पूड चोळायचं, कुणी अंगालाच रॉकेल पुसायचं. ही सगळी विषं होती. कुत्रा अंग चाटणार, चाटलेलं पोटात जाणार आणि रॉकेल तर फुप्फुसातही उतरणार, हे कुणाच्या गावी नव्हतं.

आता महिन्यातून एकदा चघळायची गोळी देतात. काही गोळ्या तीन-तीन महिने पुरतात. गोचीड चावते आणि मरते. डब्याचं काम नाही, पैजेचं नाही, दुपारचंही नाही. गोचिडीतून येणारा ताप मात्र अजून आहे, आणि घरगुती उपायाचा आजचा सगळ्यात लाडका अवतार तिथंच भेटतो: पपईच्या पानांचा रस. डेंग्यूच्या साथीत माणसांना पाजला, आता प्लेटलेट उतरलेल्या कुत्र्याला पाजतात. डॉक्टरांचं म्हणणं सरळ आहे. या तापामागचा एर्लिकिया हा जिवाणू आहे, त्याला योग्य प्रतिजैविक लागतं. बबेसिया हा रक्तपेशीत शिरणारा परजीवी आहे, त्याला वेगळं औषध लागतं. पानांनी प्लेटलेट वाढल्या असं घटकाभर धरलं, तरी रोगजंतू जिथल्या तिथंच राहतो. रस दिला म्हणून डॉक्टर चिडत नाहीत. ते चिडतात रसावर घालवलेल्या चार दिवसांवर.

तसा डॉक्टरांचा राग पाल्यावर, मुळावर किंवा आजीवर नसतोच. त्यांच्यातले कित्येक जण आमच्यासारख्याच अंगणांतून आलेले. जुलाब लागलेल्या कुत्र्याला एक वेळ उपाशी ठेवून मग मऊ भात नि थोडं ताजं दही द्या, असं आजी सांगायची. साध्या जुलाबाला पुष्कळ डॉक्टर आजही जवळपास तेच सांगतात. खरजेला आजी खोबरेल तेलात गंधक खलून लावायची. चुना-गंधकाचं द्रावण आजही त्वचारोगाच्या उपचारांत आहे. गाईच्या कासदाहावर कोरफड, हळद आणि चुना यांचा लेप राष्ट्रीय दुग्धविकास मंडळच सुचवतं, का तर प्रतिजैविकांचा वापर कमी व्हावा. म्हणजे झाडपाल्याला दवाखान्याचं दार बंद नाही. आत येताना वजन, मात्रा आणि परिणाम सांगा, एवढीच अट आहे.

पण त्याच अंगणात खरजेवर दुसरंही औषध होतं: गॅरेजमधलं जळकं ऑइल. लूत लागलेला कुत्रा काळाकुट्ट माखून उन्हात बांधलेला असायचा आणि दोन दिवस कुणी त्याच्या जवळ जात नसे. जंतांसाठी वावडिंग आणि पळसपापडी, हे निदान आयुर्वेदाच्या ओळखीचं. पण त्याच्या जोडीला ठेचलेला लसूणही भाकरीत कालवला जाई. लसूण आणि कांदा कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, हे आता सगळे पशुवैद्य सांगतात. आमची कुत्री तेवढ्यानं मेली नाहीत, कारण लसूण थोडा होता. काही मेलीही असतील. पण मोजणारं होतं कोण?

लसूण आता पुन्हा येतो, ‘नैसर्गिक जंतनाशक’ म्हणून, छान बाटलीत भरून. जळकं ऑइल गेलं आणि त्याच्या जागी टी ट्री ऑइल आलं. वास सुखाचा, पण कुत्र्याच्या कातडीवर नुसतं ओतलं तर तोल जातो, अंग थरथरतं. आमचं विष गॅरेजमधून फुकट यायचं, आताचं विष घरपोच येतं. नैसर्गिकपणाची हमी दोघांनाही. आधुनिक औषधंही या खेळातून सुटलेली नाहीत. आयव्हरमेक्टिनच्या शोधाला २०१५ साली नोबेल मिळालं, माणसांचे आणि जनावरांचे किती आजार त्यानं आवरले! तेच गुरांचं इंजेक्शन कुणी दुकानातून आणून अंदाजानं कोली जातीच्या कुत्र्याला टोचलं, तर त्या जातीतल्या एका जनुकदोषामुळे औषध मेंदूत शिरतं आणि कुत्रा बेशुद्ध पडतो. आपली अंगदुखीची गोळी प्रेमानं कुत्र्याला चारणारे तर घरोघरी आहेत. घरगुती उपाय म्हणजे झाडपालाच असतो असं नाही. अंदाजानं दिलेली गोळीही घरगुतीच.

जुन्या माणसांची एका गोष्टीवर मोठी श्रद्धा होती. कुत्रा गवत खायला लागला की म्हणायचे, ‘बघा, मुकं जनावर स्वतःचं औषध स्वतः शोधतं.’ आम्ही आदरानं बघायचो. पुढं अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठानं हजारो मालकांना विचारून पाहिलं, तेव्हा गवत खाण्याआधी आजारी दिसणारी कुत्री अगदी थोडी निघाली. बहुतेक कुत्री गवत खातात, कारण ती कुत्री आहेत. एवढं सुंदर तत्त्वज्ञान एका पाहणीनं गेलं, याचं वाईट वाटतं. मात्र या श्रद्धेपायी आम्ही निदान कुत्र्याकडे बघत तरी बसायचो.

आता श्रद्धेला आलेख असतात, पण ती श्रद्धाच असते. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवातानं लंगडणाऱ्या काही कुत्र्यांना औषधाच्या नावाखाली निर्गुण गोळी दिली होती. पायावर पडणारा भार यंत्रानं मोजला तर फरक नव्हता. तरी निम्म्याहून जास्त वेळा मालकांना कुत्रा सुधारल्यासारखा वाटला. डॉक्टरांनाही पुष्कळदा तसंच वाटलं! गोळी कुत्र्यानं खाल्ली आणि गुण मालकाला आला. पिल्लाच्या तोंडात आलेल्या चामखिळींचंही हेच. त्या विषाणूमुळे येतात, अंगात प्रतिकारशक्ती तयार झाली की काही महिन्यांत बहुधा आपोआप गळतात. श्रेय जातं त्या महिन्यात चालू असलेल्या थुजा या होमिओपॅथीच्या औषधाला. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजनं २०१७ साली होमिओपॅथीला भक्कम पुरावा नाही असं स्पष्ट सांगितलं. आपले डॉक्टर एवढं जाहीर बोलत नाहीत. ते चष्म्यावरून बघतात आणि म्हणतात, ‘द्या, पण माझी गोळी बंद करू नका.’

एका बाबतीत मात्र जुन्यासाठी एकही उसासा नाही. कुत्रा चावला की जखमेत तिखट भरायचे, चुना भरायचे, कुणी मंत्र घालून दोरा बांधायचे. त्यानंतर सरकारी दवाखान्यात पोटात चौदा इंजेक्शनं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस २००५च्या सुमारास आपल्याकडून गेली. आता साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि दंडावर चार-पाच वेळा टोचून घ्यायचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही. तिखट भरून घरी बसलेल्यांतले काही जण आमच्या आठवणीत आहेत. त्यांच्या आठवणीला स्मरणरंजन म्हणवत नाही.

मग हळहळ कशाची? दृष्ट काढण्याची, असं म्हणून बघू. खाणं सोडलेल्या मोत्यावरून तिन्हीसांजेला मीठ-मोहरी उतरवली जायची. ती चुलीत तडतडली की ‘केवढी लागली होती बघा’ असं म्हणायचं. जेजुरीहून आणलेला भंडारा कपाळाला लागायचा. खंडोबाच्या दारचा तो वाघ्या, त्याचा मान होता. यानं आजार जात नव्हता हे आजीलाही ठाऊक असावं. पण घर दिवसभर त्याच्यापाशी येऊन जायचं. तो मरणार असेल तर ते घरातच कळायचं, आणि कळल्यावर कुणी भांडत नसे.

आता मरणाशी भांडता येतं. डायलिसिस आहे, केमो आहे. आणि या सगळ्यानं हात टेकले की मालक उरलेल्या बाटल्यांकडे वळतो. पशुवैद्य इथं नरम होतात, हे पाहण्यासारखं असतं. ज्या डॉक्टरांनी पार्व्होच्या पिल्लाला काढा पाजून दोन दिवस घालवणाऱ्याला फैलावर घेतलं, तेच डॉक्टर कर्करोगानं खंगलेल्या म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरच्या मालकिणीला म्हणतात, ‘ताई, हळद द्यायची तर द्या. अंगाराही लावा. फक्त दुखण्याची गोळी चुकवू नका.’ बरं होण्यासारख्याला उशीर करू नये आणि न होणाऱ्याच्या माणसांना उपदेश करू नये, असं त्यांचं धोरण. त्यांची खरी तक्रार एकच: लोक सांगत नाहीत. काय पाजलं, किती दिवस पाजलं, हे तिसऱ्यांदा विचारल्यावर बाहेर येतं. आजी जे करायची ते सगळ्या वाड्याला ठाऊक असायचं. आम्ही तेच करतो आणि डॉक्टरांपासून लपवतो.

तेव्हा हळहळ औषधाची नव्हेच. ती औषध देताना होणाऱ्या उशिराची आहे. सहाणेवर उगाळायला वेळ लागायचा, गोचिडी वेचायला दुपार जायची. तेवढा वेळ कुत्रा आमच्या हाताखाली असायचा. त्या हातांना गाठ लागायची, जखम लागायची, वाळलेल्या फासळ्या लागायच्या. डॉक्टरही आता सांगतात, की गोळी चालू असली तरी आठवड्यातून एकदा अंगभर हात फिरवा. गाठी अशाच लवकर सापडतात. म्हणजे आजीचं निदान बरोबर होतं, फक्त औषध चुकीचं होतं.

आजची पोरं मोठी झाली की त्यांनाही हे दुखणं लागेलच. तेव्हा गोळीही उरणार नाही, वर्षाला एकदा काहीतरी टोचतील आणि काम भागेल. मग हीच पोरं हळहळतील, की पूर्वी कसे आम्ही पनीरच्या तुकड्यात गोळी लपवायचो, ब्रूनो पनीर खाऊन गोळी कशी सोफ्याखाली थुंकायचा, आणि सगळं घर बॅटरी घेऊन ती कसं शोधायचं. तेही पुष्कळसं खोटंच सांगतील. आम्ही ऐकायला असलो, तर मान डोलावू.