नमुना आणि माल

धामणगाव रेल्वेच्या बाजारात कापसाची पारख वरच्या थरावरून होत नाही. जाणता खरेदीदार ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, आतला कापूस काढून धागा ताणून पाहतो आणि मगच भाव बोलतो. दाखवलेला नमुना आणि पोहोचलेला माल एकच असावा, या भरवशावर वऱ्हाडातील पेढ्या उभ्या राहिल्या. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्याने गाठींवर प्रेसची खूण व अनुक्रमांक आवश्यक केला. १९३० च्या मालविक्री कायद्यानेही नमुन्यावरून विकलेला माल प्रतीने नमुन्याशी जुळावा, असे बंधन घातले.

आज त्याच पेढ्यांच्या चोपड्या हार्ड डिस्कमध्ये विसावल्या आहेत. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. परंतु या बंद डबीत हात घालता येत नाही. तेथे विश्वास ठेवायचा तो वरच्या नावावरच.

त्या विश्वासाला २०२० मध्ये तडा गेला. वेस्टर्न डिजिटलच्या ‘रेड’ मालिकेतील २ ते ६ टीबीच्या काही डिस्कमध्ये लेखनाची पद्धत बदललेली आढळली. छपरावरील कौलांप्रमाणे माहितीच्या पट्ट्या एकमेकींवर किंचित चढवल्या, की थोड्या जागेत अधिक माहिती मावते. मात्र एक कौल बदलताना शेजारची कौलेही हलवावी लागतात. तसेच येथेही होते आणि मोठे लेखन सुरू असताना गती मंदावते. मॉडेल क्रमांकातील एक अक्षर बदलले होते, पण त्याचा अर्थ ग्राहकाला कोणी सांगितला नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने यादी जाहीर केली आणि जुन्या पद्धतीच्या डिस्क ‘रेड प्लस’ या नावाने वेगळ्या केल्या. २०२१ मध्ये याच कंपनीच्या ‘एसएन ५५०’ या एसएसडीतील स्मृतिचिप नाव तेच ठेवून बदलल्याचे उघड झाले. यापुढे असा बदल केल्यास नवा मॉडेल क्रमांक देऊ, असे तेव्हा कंपनीने सांगितले.

सुटे भाग बदलणे हा दोष नाही. पुरवठा आटतो, तंत्र सुधारते, खर्च राखावा लागतो. दोष आहे तो मौनाचा. अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत शेवटचा ‘प्रतिरूपक व्यवहार’ आहे, म्हणजे चांगल्या मालाच्या नावाखाली हलका माल देणे. तेथे वजनमाप पुरते असले, तरी व्रताला डाग लागतोच.

म्हणून डिस्क घेताना केवळ नाव व क्षमता न पाहता पूर्ण मॉडेल क्रमांक बिलावर लिहून घ्यावा, लेखनपद्धती विचारावी आणि हिशेबाची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. शिवाय जो प्रश्न आपण त्या दुकानदाराला विचारतो, तोच आपल्या गल्ल्यावर बसूनही विचारावा. मिलचा पुरवठा बदलला, डाळीची प्रत उतरली, आणि पोत्यावरचा छाप मात्र तोच राहिला, तर गिऱ्हाईक विचारण्याआधी सांगणे हेच पेढीचे खरे भांडवल आहे.