झाडाखाली थांबलेला

गेल्या महिन्यात आमचे पाळक बाहेरगावी होते, म्हणून रविवारचा उपदेश माझ्याकडे आला. मी जक्कय निवडला, लूकच्या १९व्या अध्यायातला. यरीहोचा मुख्य जकातदार, ठेंगणा, गर्दीत येशू दिसेना म्हणून उंबरावर चढलेला. मग काय... जिद्द, ध्येय, अडचणींवर मात! २० मिनिटं छान रंगलो. दोन विनोदही जमले.

उपासनेनंतर सगळ्यांनी कौतुक केलं. आत्या मात्र बाकावरच बसून होती. आतोबांना जाऊन तेव्हा जेमतेम सव्वा महिना झाला होता. म्हणाली, "बोललास छान रे. पण माझ्यानं आता झाडावर नाही चढवत. तो झाडाखाली थांबला, नावानं हाक मारली, आपणहून घरी आला... ते सांगायचं राहिलंच की!"

रात्री झोप येईना. वधस्तंभावरच्या ख्रिस्ताशिवाय दुसरं काही सांगायचं नाही, असं पौलाने करिंथात ठरवलं होतं. आपल्या ना. वा. टिळकांनी कीर्तनाचा बाज घेतला, पण त्यात गायला तो ख्रिस्तच. माझ्या उपदेशात जक्कय होता, उंबर होता, आणि सगळ्यात जास्त मी होतो.

बुधवारी आत्याकडे गेलो. तोच अध्याय नुसता वाचून दाखवला. हरवलेल्यांना शोधायला तोच आला, त्या दहाव्या वचनापाशी माझाच आवाज अडकला. आत्याने डोळे पुसले आणि म्हणाली, "थांब, चहा टाकते."