माझ्या नावावरची गाडी

शिलाईचं मशीन असो, पाटा-वरवंटा असो की मोटार, वस्तू वापरात असेल तोवर ठीक चालते. एकदा कोपऱ्यात पडली की तिला गंज चढायला वेळ लागत नाही. आपल्या आयाबायांनी हे आपल्याला किती वेळा ऐकवलं असेल! मोटारीच्या बाबतीत मला ते २०२४ साली पुरतं पटलं.

आमची मारुती ८०० ही १९९८ सालची. माझ्या फंडातून कर्ज काढून घेतली, म्हणून कागदोपत्री ती माझ्या नावावर. पण स्टिअरिंग कायम ह्यांच्या हाती. मी २००४ मध्ये क्लास लावून रीतसर लायसन्स काढलं, वेळच्या वेळी त्याचं नूतनीकरणही केलं. तरी "तू बस आरामात, मी आहे ना!" म्हणत किल्ली ह्यांच्याच खिशात जायची. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली नि गाडी शेडमध्ये गेली. त्याच वर्षी दिवाळीनंतर ह्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, बोलणं जड झालं. गाडीवरचं कापड मग चार वर्षं कुणी उचललंच नाही.

मिरजेहून सांगलीला आठवड्यातून तीनदा ह्यांना फिजिओथेरपीसाठी न्यावं लागे. रिक्षात चढवता-उतरवताना ह्यांचे नि माझे, दोघांचेही हाल. मुलाचं फोनवर एकच टुमणं, "आई, ती गाडी भंगारात दे अन् टॅक्सी लाव." टॅक्सीचा महिन्याचा हिशेब मी घरखर्चाच्या वहीत मांडून पाहिला आणि वही मिटली. म्हटलं, गाडी दुरुस्त करायची आणि आपणच चालवायची. हे काही बोलले नाहीत. पण 'तुला जमेल?' हा प्रश्न डोळ्यांत स्पष्ट दिसत होता.

ओळखीच्या गॅरेजवाल्या चाचांना बोलावलं. त्यांचं पहिलं वाक्य, "भाभी, किल्लीला हात लावू नका. चार साल झोपलेल्या माणसाला उठवून लगेच पळवतात का?" गाडी फार दिवस उभी राहिली की इंजिनातलं ऑइल खाली उतरतं, आतले भाग कोरडे पडतात. तशीच चालू केली तर घासून खराब होतात. म्हणून त्यांनी तिन्ही स्पार्क प्लग काढले, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी पान्याने इंजिन हातानेच हळूहळू फिरवून पाहिलं. फिरलं! माझा जीव भांड्यात पडला.

मग एकेक प्रकरण निघालं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी चक्क बाळंतपण उरकलेलं. माझ्या जुन्या गोधडीचा कापूस तिथं सापडला. दोन वायरीही कुरतडलेल्या. टाकीतल्या पेट्रोलला वार्निशसारखा वास मारत होता. ते सगळं काढलं, फिल्टर बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला. बॅटरी तर गेलेलीच होती. हँडब्रेक ओढून ठेवलेला असल्यामुळे मागची चाकं जाम झालेली. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, म्हणून तेही नवं भरलं. इंजिन ऑइल, कूलंट आणि टायमिंग बेल्टही बदलला, कारण रबराची वस्तू न वापरताही म्हातारी होते. टायरचंही तसंच. त्याच्या कडेला चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर ४५१६ होतं, म्हणजे २०१६ चा पंचेचाळिसावा आठवडा. शिवाय भेगा पडलेल्या. चारही बदलले. सगळं मिळून खर्च ३५ हजारांच्या घरात गेला. पाटल्या मोडल्या नाहीत, भिशीवर भागलं.

कागदांचं काम वेगळंच. खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी तिचं नूतनीकरण. आमची २०२३ मध्येच संपलेली. विमा काढला, मग गाडी टोइंग करून आरटीओत तपासणीला नेली. नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झालेली. त्यात पर्यावरण कर नि उशिराचा दंड. (२०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी आणखी वाढली आहे, तेव्हा आधी चौकशी करा.) फॉर्मवर मालकाची सही म्हणून माझी सही केली, तेव्हा खरं सांगते, छाती जरा फुगली.

आठ दिवस पहाटे मोकळ्या रस्त्यावर सराव केला आणि नवव्या दिवशी ह्यांना डाव्या सीटवर बसवून सांगलीला निघाले. अर्ध्या वाटेपर्यंत हे गप्प. मग डाव्या हाताने खूण करत अडखळत म्हणाले, "चौथा... टाक." मी चौथा गिअर टाकला. हे खिडकीबाहेर बघून हसत होते. तसं हसू मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

गाडी महिना-दोन महिने उभी ठेवायची वेळ आली तर एवढं करा. धुऊन पूर्ण कोरडी करा. वर प्लॅस्टिक नको, सुती कापड घाला. बॅटरीची ऋण बाजूची वायर सोडवा. हँडब्रेक न ओढता गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना विटा लावा. टायरमध्ये हवा भरून ठेवा. घरात कुणी चालवणारं असेल तर आठवड्यातून वीस मिनिटं खरोखर फिरवून आणा. आणि बंद शेडमध्ये इंजिन कधीच चालू ठेवू नका, तो धूर जिवावर बेततो.

लायसन्स काढून ते कपाटात साड्यांखाली ठेवलेल्या बायका आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी आज त्याची मुदत तेवढी बघून घ्यावी.