कानांनी पाहिलेला खेळ

दूरचित्रवाणी घरोघर येण्यापूर्वी वेळापूरसारख्या गावाला क्रिकेट ऐकूच येत असे. आकाशवाणीवर बाळ ज. पंडित मराठीतून समालोचन करू लागले, की गादीवरच्या इंग्रजी न जाणणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही मैदान दिसे. तराजू क्षणभर थांबे. 2011 च्या विश्वचषकातील धोनीचा विजयी षटकार मात्र रवी शास्त्रींच्या इंग्रजी वाक्यासह स्मरणात राहिला. वाक्य उत्तमच. पण 19 जानेवारी 2025 रोजी दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकात प्रियांका इंगळे यांच्या संघाने नेपाळला 78-40 असे नमविले. अर्धनारीनटेश्वराच्या या गावात खो-खो घरचाच खेळ. तरी त्या विजयाचे कोणते मराठी वाक्य इथल्या मुलींच्या ओठी आहे? त्या वेगाला शब्द पुरविणे अवघड खरे. पंडितांनाही क्रिकेटची मराठी आयती मिळाली नव्हती; बोलता बोलताच ती घडत गेली.