आत बसलेला आपला माणूस

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण सांगलीच्या हळद पेठेतील एका अडत दुकानात तीन पिढ्या ऐकू येत होती. त्यामुळे बी.कॉम. होऊन विधी महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या नातीने आपल्याला आयकर अपिलीय न्यायाधिकरणात नोकरी करायची आहे असे सांगितले, तेव्हा आजोबांनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिले. आयकराचे नाव त्या घरात कोणी हौसेने घेत नसे. मग तेथे आपण होऊन जायचे कशाला?

तिच्या या इच्छेचे मूळ दोन वर्षांपूर्वीच्या एका सुनावणीत होते. एका नातेवाइकाकडून धनादेशाने उसनी घेतलेली सहा लाखांची रक्कम कर निर्धारण करताना अस्पष्टीकृत मानली जाऊन दुकानाच्या उत्पन्नात मिळवली गेली होती. आयुक्तांकडील पहिल्या अपिलातही ती कायम राहिली. पुढची पायरी न्यायाधिकरणाच्या पुणे पीठाची. आजोबांबरोबर सोबत म्हणून नात गेली.

समोर दोन सदस्य होते, एक न्यायिक आणि एक लेखा. एका बाजूला खात्याचे प्रतिनिधी, दुसऱ्या बाजूला सनदी लेखापाल. उसनवारीचे पुष्टिपत्र जोडले आहे, असे लेखापालांनी सांगताच सदस्यांनी शांतपणे विचारले, “कोणत्या पानावर?” उत्तर देता आले नाही. कागद सर्व होते. परंतु त्यांवर पृष्ठांक नव्हते आणि अनुक्रमणिकाही नव्हती. दोष लेखापालांचा नव्हता. दुकानातून कागदांचा गठ्ठाच त्यांच्या हाती आदल्या संध्याकाळी पडला होता. सुनावणी पुढे गेली.

घरी परतल्यावर नातीने तो गठ्ठा सोडला. कर्ज खरे ठरवायचे तर धनकोची ओळख, त्याची ऐपत आणि व्यवहाराचा खरेपणा या तीन गोष्टी दाखवाव्या लागतात, हे तिने लेखापालांकडून समजून घेतले आणि त्याच क्रमाने कागद लावले. पुष्टिपत्र पान ४७, धनकोचे विवरणपत्र पान ४८, त्याच्या बँक खात्याचा उतारा पान ४९. पुढच्या तारखेला तोच प्रश्न आला आणि त्याचे उत्तर तत्काळ मिळाले. सहा लाखांची वाढ रद्द झाली. हमालीच्या खर्चापैकी काही रक्कम मात्र पावत्यांअभावी नामंजूरच राहिली. अपील ‘अंशतः मंजूर’ झाले. आजोबांना रक्कम सुटल्याचे समाधान होते. नातीच्या मनात मात्र ते पान ४७ राहून गेले.

तिने या संस्थेची माहिती जमवली. २५ जानेवारी १९४१ रोजी स्थापन झालेले हे न्यायाधिकरण अर्थ मंत्रालयाच्या नव्हे, तर विधी व न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. ज्या खात्याविरुद्ध दाद मागायची, त्याच्या हाताखाली दाद देणारा नसावा, हा त्यामागील विचार. येथून पुढे उच्च न्यायालयात जाता येते ते कायद्याच्या महत्त्वाच्या प्रश्नावरच. वस्तुस्थितीचा निवाडा सामान्यतः येथेच संपतो. म्हणून येथे कागदाला एवढे मोल.

या संस्थेत शिरण्याच्या वाटाही एकाहून अधिक आहेत. वकील किंवा सनदी लेखापाल होऊन करदात्याची बाजू मांडता येते. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेतून भारतीय महसूल सेवेत जाऊन खात्याची बाजू मांडता येते. दीर्घ अनुभवानंतर सदस्यपदाचा विचार होऊ शकतो. याशिवाय निबंधक कार्यालय आहे: अपिले नोंदवणे, त्यांतील त्रुटी दाखवणे, सुनावणीची यादी लावणे, निकालपत्रे टंकित करणे, अभिलेख सांभाळणे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या अपिलीय न्यायाधिकरणाचाही प्रारंभ झाला. म्हणजे अशा कामाचे क्षेत्र वाढतेच आहे.

नातीने निबंधक कार्यालयाची वाट धरायचे ठरवले. त्यासाठी कर्मचारी निवड आयोगाची लघुलेखकाची परीक्षा, ‘क’ श्रेणीसाठी मिनिटाला १०० शब्दांचा वेग, तोही सलग दहा मिनिटे. निवड झाली तरी कोणते कार्यालय मिळेल हे गुणवत्ता आणि पसंतीक्रमावर अवलंबून. हे तिने घरात लपवले नाही.

आजोबा काही दिवस गप्प होते. मग एका संध्याकाळी प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले, “तुझं ठरलंय ते बरंच आहे. उद्या पुन्हा अपील करायची वेळ आली, तर आत आपला माणूस असेल.”

“आजोबा, मी आत असले तर आपल्या फायलीला मी हातही लावणार नाही,” नात म्हणाली. “आणि फाइल कुठवर आली, हे तुम्ही मला विचारायचंही नाही.”

आजोबांना ते लागले. ज्या नातीच्या शिक्षणासाठी दुकानाने काही कमी पडू दिले नाही, तिने घरालाच परके करावे? दोन दिवस त्यांचे जेवणात लक्ष नव्हते. तिसऱ्या दिवशी बाजार आवारात हळदीच्या पोत्यांचे वजन चालले होते. शेतकरी एका बाजूला, खरेदीदार दुसऱ्या बाजूला, मध्ये तोलाईदार. काट्यावरचा आकडा त्याने मोठ्याने सांगितला आणि कोणीही शंका घेतली नाही. आजोबा तेथे बराच वेळ उभे राहिले.

रात्री ते नातीला म्हणाले, “तोलाईदार अडत्याचा झाला, तर शेतकरी पुन्हा त्या पेठेत माल आणत नाही. आलं माझ्या लक्षात.”

त्यानंतर त्या घरात दोन गोष्टी बदलल्या. हमालीची प्रत्येक पावती आता दिनांकानुसार, पृष्ठांक घालून फायलीत लागते. तो आकडा आजोबा स्वतः घालतात. आणि रात्री जेवणे झाल्यावर ते घड्याळ समोर ठेवून वर्तमानपत्रातील अग्रलेख मोठ्याने वाचतात, दहा मिनिटे, न थांबता. नात खाली मान घालून लिहीत असते. एखादा कठीण शब्द आला की आजोबांचा वेग नकळत मंदावतो.

“हळू नका होऊ, आजोबा,” ती मान वर न करता म्हणते. “तिथं माझ्यासाठी कोणी हळू वाचणार नाही.”