जागच्या जागी अटन

वर्गात जुने मराठी वाङ्मय शिकवताना आम्ही उभयता वर्षानुवर्षे चालण्याविषयी बोलत आलो आहोत. महानुभावांच्या आचारधर्मात अटनाला मानाचे स्थान आहे. लीळाचरित्राचा एकांक हा चक्रधरस्वामींच्या एकाकी भ्रमंतीचाच वृत्तान्त आहे. वारकऱ्यांची तर अवघी साधनाच पायांवर उभी आहे. या परंपरेत चालण्याला दिशा असते आणि वाटेत माणसे भेटतात. अशा शिकवणीत मुरलेल्या घरात कोठेही न पोचणारे चालणे विकत आणावे की नाही, यावर मागील वर्षी सुमारे दोन महिने खल झाला. त्या खलाची ही हकीकत.

निमित्त अगदी सामान्य होते. पन्नाशी ओलांडल्यावर एकाच्या रक्तात साखर आणि दुसऱ्याला रक्तदाब, असा संसाराचा समान वाटा आमच्या पदरात पडला. डॉक्टरांनी आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटे झपझप चालायला सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारसही आठवड्याला किमान १५० मिनिटांचीच आहे, तेव्हा सल्ल्यात वाद घालण्याजोगे काही नव्हते. वाद होता तो चालायचे कोठे, याचा.

वडसा हे वैनगंगेच्या काठचे, गोंदिया–बल्लारशाह लोहमार्गावरचे गाव. सरकारी कागदावर देसाईगंज. झाडीपट्टी रंगभूमीच्या नाटक मंडळ्यांची कार्यालये येथे आहेत, आणि दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू झाला की येथून निघालेल्या कलावंतांच्या गाड्या रात्रभर खेड्यापाड्यांत धावतात. गावाबाहेर पडणारा कोणताही रस्ता थोड्याच वेळात धानाच्या बांध्यांतून जंगलाकडे वळतो. पहाटे फिरायला याहून रम्य रस्ते कोणते असतील? पण २०२१ आणि २०२२ या दोन वर्षांनी या रस्त्यांचा अर्थ बदलला. सीटी–१ या नावाने वनखात्याने नोंदलेल्या वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या भागांत मिळून तेरा माणसे मारली. त्यांतली सहा वडसा भागातली. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याला येथील जंगलात बेशुद्ध करून पकडण्यात आले आणि नागपूरच्या गोरेवाड्याला हलवले. एक वाघ गेला, पण जंगल जागेवर आहे आणि त्यात वाघही आहेत. २०२१च्या सुमारास छत्तीसगडकडून रानटी हत्तींचा कळपही जिल्ह्यात उतरला. पहाटेच्या अंधारात बांधावरची काळी सावली गाईची असली तरी काळजाचा ठोका चुकतो, आणि रक्तदाबासाठी चालणाऱ्याला हा व्यायाम परवडत नाही. उजाडल्यावर निघावे, तर एप्रिल–मे महिन्यांत आठ वाजताच ऊन चटके देऊ लागते. पलीकडच्या ब्रह्मपुरीचे नाव तापमानाच्या बातम्यांत का येते, हे येथे कोणाला सांगावे लागत नाही.

म्हणून ट्रेडमिल. आमची मर्यादा तीस हजार रुपयांची होती, आणि एवढ्या रकमेत काय मिळते, याचा अभ्यास आम्ही पाठभेद तपासावेत इतक्या चिकाटीने केला. पहिला पाठभेद मोटारीचा. जाहिरातीत ठळक अक्षरांत चार किंवा पाच हॉर्सपॉवर असे छापलेले असते. ती क्षणभर गाठता येणारी कमाल ताकद होय. मोटार सलग किती ताकदीने चालू शकते, हा आकडा वेगळा असतो आणि बहुधा बारीक अक्षरांत दडलेला असतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, एवढे शालेय भौतिकशास्त्र आठवले तरी घरच्या साध्या प्लगमधून पाच हॉर्सपॉवर सतत ओढता येणार नाही, हे कळते. केवळ चालायचे असेल, तर सलग दीड–दोन हॉर्सपॉवरची मोटार पुरेशी ठरते.

दुसरा मुद्दा पट्ट्याचा. स्वस्त यंत्रांत पट्टा अरुंद आणि आखूड असतो. चालणाऱ्याला साधारण ४० सेंटिमीटर रुंदी आणि ११० ते १२० सेंटिमीटर लांबी चालते; धावणाऱ्याला दोन्ही अधिक हवे, कारण त्याची टांग लांब पडते. उंच माणसाने कागदावरचे आकडे वाचून न थांबता खोलीतल्या फरशीवर खडूने तेवढा आयत आखावा आणि त्यात पावले टाकून पाहावे. आम्ही तसे पाहिले, आणि एक यंत्र खडूच्या त्या रेघेवरच बाद झाले. तिसरा मुद्दा वजनाचा. यंत्र किती किलोचा माणूस पेलते, हे लिहिलेले असते. आपले वजन त्या मर्यादेच्या काठावर असेल, तर वरच्या क्षमतेचे यंत्र पाहावे. गाण्याचे स्पीकर, रंगीत पडदा, पोटाला थरथरवणारा पट्टा या अलंकारांचे मोल वजा केले की उरलेला पैसा मोटारीत आणि पट्ट्यात घालता येतो. मम्मटाने सदोष काव्याला अलंकारांनी तारले नसते. येथेही तोच न्याय.

मात्र वडशात बसून खरेदी करणाऱ्याला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दुरुस्तीचा आहे. मोटारीची हमी काही वर्षांची दिलेली असते, पण हमीपत्र घेऊन कारागीर येणार कोठून? नागपूरहून तो यायला किती दिवस लागतील, येण्याचे पैसे कोण देणार, पट्टा आणि कंट्रोलर सुटे मिळतात का, हे आम्ही विकत घेण्याआधी फोनवर विचारले. एका विक्रेत्याने पिनकोड विचारून घेतला आणि पुन्हा फोन उचलला नाही. विजेचाही विचार करावा लागतो. येथे उन्हाळी वादळात दाब खालीवर होतो, त्यामुळे १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग, नीट अर्थिंग आणि स्टॅबिलायझर हा खर्च बजेटातच धरायला हवा. हंगामात नाटकांची प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या येथील एका वायरमनने आमच्या घरचे अर्थिंग तपासले आणि ते नव्याने करायला लावले. इन्व्हर्टरवर हे यंत्र चालवू नये, असेही त्याने बजावले. शेवटी सत्तावीस हजारांत यंत्र आले आणि उरलेले तीन हजार या जोडकामात गेले.

यंत्र आल्यावर त्याच्या नावाचा शोध सुरू झाला. मास्तरांच्या घरात हे टळत नाही. ट्रेड म्हणजे पाऊल टाकणे, मिल म्हणजे चक्की. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचे मोठे चाक रचले. कैद्याने तासन्‌तास पायऱ्या चढायच्या आणि चाकाने त्या खाली न्यायच्या. काही तुरुंगांत त्यावर धान्य दळले जाई, काही ठिकाणी नुसताच वारा. १८९८च्या तुरुंग कायद्याने इंग्लंडमध्ये ही शिक्षा मोडीत निघाली. अंदमानचा कोलू याच कुळातला. 'माझी जन्मठेप' वाचलेल्या विद्यार्थ्याला हे नाते समजावून द्यावे लागणार नाही. पुढे १९६३ साली रॉबर्ट ब्रूस या हृदयतज्ज्ञाने हृदयाच्या तपासणीची पद्धत या यंत्रावर बसवली, तीच आपल्याकडे टीएमटी म्हणून रूढ आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस विल्यम स्टॉब या अमेरिकी अभियंत्याने घरात ठेवता येईल असे यंत्र घडवले. शिक्षेचे साधन औषध झाले. मराठीत मात्र त्याला नाव मिळाले नाही. कोकणात विहिरीचे पाणी उपसणारा पायरहाट होता, त्यावरून एखादा शब्द घडवता आला असता. पण पायरहाटाने बागा भिजत, आमच्या यंत्राने काहीही भिजत नाही. आम्ही ट्रेडमिलच म्हणतो.

घरकामाला येणाऱ्या बाईंनी पहिल्या दिवशी दारात उभे राहून ते सारे पाहिले आणि विचारले, "एवढं चालून पोचता कुठं जी?" त्यांच्या प्रश्नात थट्टा नव्हती. त्या स्वतः मार्चअखेरीस मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूची पाने तोडायला जंगलात जातात. मोह पहाटे गळतो, म्हणून पहाटेच जावे लागते. पाने तोडताना मान खाली असते, म्हणून मागचे दिसत नाही. वाघाच्या हल्ल्यांच्या बातम्या वाचाव्यात, तर मृत पावलेली माणसे बहुधा अशीच असतात: सरपणाला, गुरांमागे, मोहाला किंवा शेतावर गेलेली. ज्या भीतीपोटी आम्ही तीस हजार रुपये मोजले, ती भीती त्यांनाही तितकीच आहे. फक्त त्यांच्या चालण्याला पर्यायी यंत्र बाजारात नाही. त्यांचे चालणे पोचते. मोहाच्या टोपलीपर्यंत आणि तेंदूच्या पुड्याच्या मजुरीपर्यंत ते पोचते, म्हणूनच त्यांना ते सोडता येत नाही.

आम्ही त्यांना उत्तर दिले नाही. त्यांच्याकडून शिकलो ते एवढेच, की आता पहाटे त्या येण्याआधी वनखात्याची काही सूचना आली आहे का, हे पाहतो आणि वाघाचा वावर कोणत्या बाजूला आहे ते त्यांना फोन करून सांगतो. यंत्र सुरू करण्याआधी हे काम उरकावे, असा घरचा नियम झाला आहे. साखर थोडी उतरली आहे, रक्तदाबही. मोहाचे दिवस आले की मात्र त्यांची हाक फाटकाशी ऐकू येईपर्यंत आमच्यापैकी कोणाचेही लक्ष पडद्यावरच्या किलोमीटरांत लागत नाही.